चौथी फुंकर

बरबँकच्या स्टुडिओत, काचेपलीकडे,
वर्नेटा ऑलसन हिरवं सफरचंद चावते,
जिभेचा चिकटा जावा म्हणून.
सव्वीस वर्षं ती नऊ वर्षांचा मुलगा आहे.

आजच्या भागात त्याचा वाढदिवस.
पुन्हा नववाच.
नऊ मेणबत्त्या, एक फुंकर.

पहिलीला खोकला.
दुसरीत छातीत शिट्टी वाजली.
तिसरी बरी होती,
पण म्हातारी.

"पाणी?" तिओ विचारतो, हेडफोन मानेवर.
ती नको म्हणते,
कानातले डूल काढून खिशात टाकते,
उगाच गुडघे वाकवून जरा बुटकी होते.

चौथी
आठांनाच पुरली.

कुणी काही बोलत नाही.
मग तिओ सेऊलच्या चित्रकारांना लिहितो:
एक जळती ठेवा.
मुलगा तिच्याकडे बघेल.
किती वेळ, ते तुम्ही ठरवा.