मंगळवारचं टेबल

दर मंगळवारी दहा ते एक
सेंट कॅसिमिर चर्चच्या तळघरात
मी घडीचं टेबल उघडते.
एक पाय आखूड आहे त्याचा,
खाली दंडाच्या पावत्यांचं जुनं पुस्तक सारलं
की डुगडुगायचं थांबतं.

बावीस वर्षं बफेलोच्या रस्त्यांवर गस्त घातली,
आता फॉर्म भरून देते.
ज्यांनी दारं फोडली,
गोठलेल्या कालव्यातून माणसं ओढून काढली,
ते रकाना क्रमांक सातपाशी येऊन
शाळेतल्या पोरासारखे अडतात.

गुडघ्याचं ऑपरेशन विम्यात बसतं का.
यंत्र एकाच कानाचं का देतात.
पासष्टी उलटल्यावर कुठलं कार्ड आधी दाखवायचं.
मर्विन टटल तर दर आठवड्याला
न फोडलेलं पाकीट आणतो,
घरी कुणासमोर उघडावं असं कुणी नाही म्हणून.

गेल्या मंगळवारी थॅडियस क्रुपा आला.
बूट झटकले तरी जिनाभर बर्फाचं पाणी.
प्लास्टिकच्या पिशवीत एकच कागद,
चौदा वर्षांपूर्वीचा.
त्यावर दोन चौकटी.
पहिली : पूर्ण पेन्शन, तू आहेस तोवर.
दुसरी : थोडी कमी, पण तुझ्यामागे बायकोलाही.

"पहिलीवर खूण केली मी," तो म्हणाला,
गुन्हा कबूल करणारे बोलतात तसा,
टेबलाकडे बघत.
इरीनच्या पोटात तेव्हा गाठ होती.
डॉक्टर महिने मोजत होते.
ती मागे उरेल, हा हिशेब
त्या वेळी मांडणार कोण?

आणि इरीन उरली.
केस परत आले, तेही कुरळे, आधी सरळ होते.
बेकरीत पहाटेची पाळी करते अजून,
लग्नांत पोल्का नाचते, बुटांचे टाच झिजवते.
आता छातीचा काळा फोटो
थॅडियसच्या नावाचा आहे.

"ही खूण हलवता येते का?"

अकरा वर्षं हे टेबल सांभाळते मी.
उत्तर पाठ आहे.
तरी नियमांची पुस्तिका काढली,
दोन पानं उलटली, चष्मा पुसला.
काळ्या दगडावरची रेघसुद्धा
माणसाला जरा हळू दाखवावी.
तेवढ्यात दिसलं :
सही काळ्या शाईत होती
आणि खूण हिरव्या.
असल्याच गोष्टी टिपण्याचा पगार घेतला जन्मभर.
विचारलं नाही.

आज दोघं आली.
तिनेच विचारलं सगळं :
त्याच्यानंतर विमा किती महिने चालतो,
घराच्या करातली सूट राहते का,
पेटीवरचा झेंडा खातं देतं की आपण आणायचा.
वाण्याची यादी वाचावी तसा आवाज.
थॅडियस तिच्या उजवीकडे बसलेला,
म्हणजे तिच्या बाजूला त्याचा डावा कान,
जो गोळीबाराच्या मैदानावरच राहिला.

"यानं तुला सांगितलं असेल, खूण मी केली म्हणून,"
ती म्हणाली, आवाज न चढवता.
"कुणालाही तेच सांगतो. पोरांनाही.
सही करून हा दुसऱ्या चौकटीकडे वळला होता.
मी हातातून कागद ओढला.
दवाखान्यातलं हिरवं पेन होतं उशाशी.
म्हटलं, वेड्या, मी चालले,
तुला पैसे लागतील,
साधं अंडं उकडता येत नाही तुला."

"काय म्हणतेय ती?" थॅडियस.

मी तिच्याकडे पाहिलं.
ती हातमोज्याचा सुटलेला धागा गुंडाळत होती.
"म्हणतेय," मी मोठ्याने म्हटलं,
"तुझा पार्किंगचा पास या महिन्यात संपतोय."

"खरंच की," तो म्हणाला. "दे तो फॉर्म."
टेबल डुगडुगलं. पावत्यांचं पुस्तक सरकलं होतं.
चष्मा नाकावर ओढून
त्याने पेनसाठी हात पुढे केला,
माझ्याकडे.

इरीनने पर्स उघडली.