लोहगाव, धावपट्टीच्या कडेला

विमान अजून जमिनीवरच होतं.
आधी वास आला,
दुधाच्या पातेल्याचं बूड लागावं तसा,
आणि शेजारचे ढमढेरे,
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं,
पेपरातून मान वर न काढता म्हणाले,
"दूध नव्हे. वायर."

मग छतातून धूर उतरला,
घाई नसलेल्या पाहुण्यासारखा.

सामान सोडा! सामान सोडा!
घसा फाटेस्तोवर ओरडत होती तीच पोरगी,
जिनं मघाशी हळूच माझा पट्टा तपासला होता.
मी सोडलं सगळं:
लॅपटॉप, सीटखाली काढून ठेवलेले बूट,
बहिणीच्या बाळंतपणासाठीचे डिंकाचे लाडू.
ढमढेऱ्यांनी तेवढा पेपर घडी करून
काखेत मारला.

घसरगुंडीवर
चाळीस वर्षांनी पायांना आठवलं
पुढे कसं व्हायचं.

खाली एप्रिलचं काँक्रीट.
गवतात टिटवी आमच्यावरच खवळलेली,
तिच्या अंड्यांपाशी एवढी माणसं, तीही खोकणारी.

मोजलं. एक कमी.
पुन्हा मोजलं. एक कमी.
ती पोरगी धुराकडे दोन पावलं गेलीसुद्धा,
तेवढ्यात कुणाच्या तरी ओढणीखालून
एक शिंक आली, वीतभर.

आईचा फोन. "पोचलास का रे?"
"निघालोच नाही अजून," म्हणालो,
आणि एक पाय उचलला, मग दुसरा,
बगळ्यासारखा.

ढमढेऱ्यांनी बघितलं.
घडी उलगडली, आतलं पान काढलं,
काही न बोलता माझ्या पायांपाशी अंथरलं.

विमानाचा बंब येईपर्यंत
मी राशिभविष्यावर उभा होतो.