तिसरा ओ

सातव्या पानावर प्रिंटर अडकला, म्हणून वाचायला लागलो.
एरवी लोकांचे प्रबंध मी वाचत नाही,
एकोणीस वर्षं त्यांच्या फक्त कडा कापत आलोय
गणेशखिंड रस्त्याला, रिक्षा स्टँडच्या मागे.

मुलगी काउंटरला टेकून उभी.
येरमिना बारेक, समाजशास्त्र, दुसरं वर्ष.
विषय : लेवोकोरो, एका गावाचा परिचय.
कुठं आलं हे, विचारलं.
म्हणाली, इंडोनेशिया. मग त्याच्या पूर्वेला.
मग एका बेटाच्या पाठीमागचं बेट,
मग होडी सोडून चालत,
डोंगर धुमसतोय तो उजव्या हाताला ठेवायचा.
आपण सांगतो अगदी तसंच :
पिठाच्या गिरणीवरून डावीकडे, विचारा कुणालाही.

पान सात. घरं अठ्ठेचाळीस. माणसं दोनशे सहा,
त्यातली एकतीस परमुलखात, तेलाच्या ताडांच्या मळ्यांत.
पान नऊ. पाणी.
गोड्या पाण्याचा झरा एकच, तोही समुद्राच्या पोटात.
ओहोटी लागली की उघडा पडतो, तेव्हा भरायचं.
रात्री दोनला ओहोटी, तर रात्री दोनला.
म्हटलं, आमच्या धायरीत टँकरही दोनलाच येतो.
तिनं ते वहीत लिहून घेतलं. का, कोण जाणे.

पान चौदा. मका मडक्यात भाजतात,
तापलेले दाणे हातानंच काढून
दगडावर ठेवतात, दुसऱ्या दगडानं चेपतात.
एका वेळी दोन-तीन दाणे. पहाटेपासून.
म्हणजे पोहे की, मी म्हणालो.
तिनं पिशवीतून डबी काढली.
पांढरे, पापडासारखे, जरा धुराचा वास.
तौसिफनं त्यावर शेव मागितली, मी त्याला गप्प केलं.
आईच्या बोटांना आता चटका कळत नाही, ती म्हणाली,
आणि ओळखपत्राच्या कचेरीत तिचा अंगठा उमटत नाही.
हे प्रबंधात नव्हतं.

प्रती पाच. हिरवं रेक्झिन.
संध्याकाळी नाव छापायला पितळी खिळे लावले,
एल, ई, डब्ल्यू, ओ, के, ओ, आर,
आणि खोक्यात ओ संपले.
दोनच होते. एकोणीस वर्षांत कुणाच्या गावाला
तीन ओ लागले नव्हते.
बुधवारातलं दुकान बंद झालेलं. सकाळी नऊला तिला द्यायचं.
मी शून्य लावलं.
सडपातळ असतं जरा, पण सोन्याच्या वर्खात
कोण बघतंय, असं स्वतःलाच सांगितलं.

तिनं बघितलं.
बोट फिरवलं, शेवटच्या अक्षरावर थांबली.
मी पैसे कमी करायच्या बेतात होतो
तर ती हसायलाच लागली, इतकी, की डोळे पुसायला लागले.
पान बावीस उघडून माझ्यापुढं धरलं. तक्ता.
डॉक्टर ०. डांबरी रस्ता ०. बँक ०. पोलीस ०.
गुन्हे ०.
हे बरोबर आहे काका, म्हणाली, राहू दे.

चार प्रती विभागात गेल्या.
पाचवी दुहेरी प्लॅस्टिकात गुंडाळून दिली,
खाऱ्या हवेत डिंक टिकत नाही म्हणतात.
पोस्टात पिनकोडवरून तासभर गेला.
पार्सल बंदरापर्यंत जाईल, पुढं
गुरुवारच्या होडीवर कुणी ओळखीचं असलं तर.

ती गेली. निकाल काय लागला, विचारायचं राहिलं.
बुधवारातून मी तिसरा ओ आणून ठेवलाय,
कागदाच्या पुडीत, अजून बांधलेलाच.

काल टँकरनं हॉर्न दिला. पिंप घेऊन खाली उतरलो.
पाइप तोंडाला लावून नळीवाला ओढत होता
आणि मी बोटांवर हिशोब करत उभा.
इथं दोन, म्हणजे तिकडं साडेचार.
भरती असेल का आत्ता, की ओहोटी?
मागच्या बाई म्हणाल्या, वायकर, सरका पुढं.