चुकीसाठी वीस मिनिटं

जहाज आठाला लागतं, पाचाला सुटतं.
मधल्या नऊ तासांत लोकांना
अडीच हजार वर्षं बघायची असतात,
वर मासळी खायची असते
आणि घरच्यांसाठी ऑलिव्हचा साबण.

मी काताकोलोच्या स्टेशनात तिकिटं देते.
खिडकी केवढी? एक पाव सरकेल एवढी.
तेवढ्यातून माणसं दिसतात ती गळ्यापासून पोटापर्यंत:
कॅमेरे, ताईत, घामाची बेटं.
जहाजाच्या सहलीला न जाता
आपल्या हिमतीवर निघालेले हे लोक.
आवाज मात्र सगळ्यांचा सारखाच बारीक होतो,
'गाडी परत येते ना नक्की?'
येते, मी म्हणते. बावीस वर्षं येतेय.
आणि नाहीच आली तर माझा दीर आहे, लांबिस,
त्याचा कलिंगडांचा टेम्पो आहे.
ते हसतात.
मी थट्टा करत नसते.

सांगते: पाणी इथूनच घ्या.
आधी धावपट्टी गाठा, देऊळ नंतर,
दहाच्या पुढे बसगाड्या ओततात माणसं
आणि दगडी कमानीखाली खांद्याला खांदा घासतो.
खांब उभे नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवते.
भूकंपात आडवे झाले, काकडीच्या चकत्यांसारखे,
हिरमुसू नका.
आणि शेवटची गाडी धरू नका.
शेवटच्या आधीची धरा.

मंगळवारी एक कागद सरकला आत,
चार घड्या, वर मोठ्या अक्षरांत नाव: हेडविग, ग्रात्स.
'एवढं जमेल का, बघता?'
खाली काटेकोर संसार मांडलेला:
नऊ पाच, गाडी. दहा, कमान.
साडेदहा, सावली.
अकरा वीस, थकवा (दहा मिनिटं).
सव्वाबारा, संग्रहालय, फक्त ती पंख तुटलेली बाई.
तीन चाळीस, परत.
चूक, वीस मिनिटं.
चार, जहाज.

चूक? कोणती चूक?
'ठाऊक असती तर तिच्यासाठी वेळ कशाला ठेवला असता?'

मागे रांग खाकरत होती. मी तिकीट दिलं.
पण दिवसभर सुटे पैसे मोजताना
ती वीस मिनिटं बोटांना चिकटत राहिली.
माझ्या लग्नाचा बेत आईने केला होता,
वाजंत्री, बदाम, बकरा, काही म्हणता काही विसरली नव्हती.
त्यात चुकीला अर्धं मिनिटही नव्हतं.

दुपारची गाडी आली तीन अठ्ठेचाळीसला.
पिर्गोसच्या फाटकापाशी मेंढ्या,
आणि मेंढपाळ फोनवर.
लोक धावत सुटले धक्क्याकडे, टोप्या हातात.
एकटी ती खिडकीशी आली, वाकली,
आणि पहिल्यांदाच त्या भोकातून
मला एक अख्खा चेहरा दिसला,
नाक उन्हाने सोललेलं.
'आठ मेंढ्यांनी खाल्ली. बारा उरलीत.
काय करू त्यांचं?'

मी 'आत्ता येते'ची पाटी लावली.
धक्क्याच्या भिंतीवर बसलो, पाय पाण्याकडे सोडून.
माझ्या डब्यात चार अंजिरं होती, एक जास्त पिकलेलं.
ते तिने मागून घेतलं.

धावलात का तिथे?
'छे. दगडातल्या खाचेत पायाची बोटं ठेवली आणि थांबले.
शेजारी शाळेची पोरं होती.
एक जण शिट्टीआधीच सुटला,
बाकीचे इतके चिडले, इतके,
की शर्यतच झाली नाही.'
हे सांगताना तिला हसू आवरेना,
अंजिराचं बी दातात.

'तुम्ही केव्हा गेला होतात?'
शाळेच्या सहलीला.
देवळाचं काही आठवत नाही.
बसमध्ये कुणाला तरी उलटी झाली होती.
बहुतेक मलाच.

भोंगा झाला. तिने घड्याळ पाहिलं नाही,
माझं मनगट धरून माझंच पाहिलं,
आणि उठून चालू लागली,
घाई न करता, पण रेंगाळतही नाही.

पाटी तशीच राहिली खिडकीवर.
संध्याकाळच्या गाडीला कुणी नव्हतं.
मी बोटं चाटत बसले.