कोण?

चिलोएपासून दूर सात होड्या.
टॉवर नाही. निरोप होडीवरून होडीवर
उडी मारत जातो,
दर उडीला थांबवतात: कोण?

हे बाउदिलिओमुळे.
गेल्या हिवाळ्यात त्याच्या यंत्राने
इतरांचे निरोप गिळले, बॅटरी वाचवली,
मासळीचा ठिकाणा मात्र विकला.
तेव्हापासून कुलूप. उडीला चार सेकंद,
उधाणात नऊ.

परवा वारा फिरला.
ओतिलियाचा इशारा पाच कुलपं उघडत निघाला.
लाटेला कुणी विचारलं नाही.
एलिएसेर वाचला, दोन बोटं गेली.

आज ती धक्क्यावर, मांडीवर यंत्र.
मासळीचं कुलूप ठेवते,
वाऱ्याचं काढते.

‘कुणी खोटा वारा सोडला तर?’
‘तर एक दिवस
उगाच घरी परतू.’

बाउदिलिओ दोर गुंडाळत राहिला,
गुंडाळलेलाच.