विकतची थंडी

आल्टामध्ये थंडी विकत घ्यायची
म्हणजे समुद्रकाठी बसून मिठाची पुडी मागायची.
दुकानातला निल्लास हसला नाही, एवढं बरं.
म्हणाला, "गुनव्होर, किती लिटर?"

एकतीस वर्षं मी फेरीबोटीवर स्वयंपाक केला.
तिथलं शीतघर खोलीएवढं,
आत शिरताना कोट चढवायचा,
दर सोमवारी बाराशे अंडी मोजायची
आणि बाहेर येऊन नाकाचा शेंडा चोळायचा.
लिटरमध्ये मी कधी विचार केला नाही.
माणसांमध्ये केला.

त्यानं तीन खोकी मांडली.
पहिलं स्वस्त, हलकं, पोटात एक पंखा.
"बाहेर असेल त्याहून वीस अंश कमी करतं."
"आणि पोर्तुगालात बाहेर चाळीस असलं तर?"
त्यानं खोकं मुकाट्यानं खाली ठेवलं.

दुसरं गॅसवरचं. आवाज नाही, बॅटरी नको,
फक्त गाडी सपाट जागी उभी हवी,
जरा कलली की रुसून बसतं.
असा एक माझ्या घरी होता, नऊ वर्षं.
पुन्हा नको.

तिसरं कॉम्प्रेसरचं.
मध्येच घुरघुरतं, मध्येच गप्प,
झोपेत ससा दिसलेल्या कुत्र्यासारखं.
किमतीची चिठ्ठी मी पालथी केली.
मग सुलटी केली.
आकडा तोच होता.

झाकण वर उघडतं, म्हणून थंडी तळाशी टिकते,
उभ्या दारातून ती पायांवर सांडते,
निल्लास समजावत होता.
माझ्या घोट्यांना हे तो जन्मायच्या आधीपासून ठाऊक.

गाडी जुनी टपालाची, पिवळा रंग अजून कोपऱ्यात.
पलंगाखालची जागा मी लोकरीच्या धाग्यानं मोजून आणलेली,
रुंदीला एक गाठ, उंचीला दुसरी.
काउंटरवर धागा ताणला.
पंचवीस लिटरचं बसत होतं, वर हात घालायला जागा ठेवून.
पंचेचाळीसचंही बसत होतं,
पण दर वेळी ओढून बाहेर काढायला
खाली सरकती पट्टी लावली तर.

पंचवीस म्हणजे एक माणूस.
अर्धा लिटर दूध, चीज, दोन माशांचे तुकडे,
आणि कोणाला विचारायचं नाही.
पंचेचाळीस म्हणजे बोर्गहिल्ड.
बहीण. हामरफेस्टची. गेल्या खेपेला आमचं भांडण
पडद्यांवरून झालं होतं. पडदे आईचे.
तिला फोनवर मी सगळं सांगितलं,
नकाशा, वाट, डिसेंबरात सूर्य असलेली गावं.
ती म्हणाली, "बघू."

"निल्लास, 'बघू' म्हणजे किती लिटर?"
त्यानं डोकं खाजवलं.
त्याच्या माहितीपत्रकात ते नव्हतं.

पंचेचाळीस घेतलं.
पट्टीचे पैसे वेगळे.

घरी आणून रात्रभर अंगणातल्या गाडीत ठेवलं,
आत दूध, आकडा चारवर.
बाहेर उणे अठरा.
सकाळी पायरीवरची बादली दगड झालेली,
झाडूचे केस ताठ,
आणि खोक्यातलं दूध हलवलं तर डुचमळलं.
अख्ख्या अंगणात सगळ्यात उबदार जागा
फ्रिजची होती.
यावर हसायला कोणी नव्हतं, म्हणून
कॉफीत ते दूध घालून एकटीच हसले.

गुरुवारी बसमधून बोर्गहिल्ड उतरली.
एक बॅग, एक गुंडाळी (पडदेच असणार, मी विचारलं नाही)
आणि क्लाउडबेरीच्या मुरंब्याची बरणी,
आईच्या काळची, उंच मानेची.
उभी ठेवली तर झाकण लागेना.
आडवी ठेवली तर गळेल, ती म्हणाली.
नाही गळणार, मी म्हणाले.
"तुला कसं माहीत?"
"तू मोठं घ्यायला हवं होतंस."

इंजिन चालू होतं.
खोकं एकदा घुरघुरलं, गप्प झालं.
बरणी तिनं मांडीवर घेतली.