क्लच दाबून ठेवायची फळी

एगिल, आधी इंजिन तापू दे.
गार इंजिन आत लोटून दार लावणं
म्हणजे ओल्या कपड्यांच्या घड्या घालून
ट्रंक बंद करणं.
सरोवरावरून वारा फिरलाय,
आठवड्याभरात आर्बोर्गचा रस्ता पांढरा होईल.
मुलगी उद्या सकाळी विनिपेगहून गाडी घेऊन येतेय,
म्हणून आजच.

धुराड्यावर डबा पालथा घाल.
बॅटरी घरात ने, जिन्याखाली, लाकडावर ठेव.
सीटखाली उंदीर घर करतील,
त्यांना माझं कधी ऐकायचं नसतं,
तू नको नादी लागूस.

आता चढ. गिअर न्यूट्रलला आण.
डावा पाय. दाब.
अजून.
पाहुण्यासारखा दाबतोयस,
पार तळाला टेकू दे.
आत आता क्लचप्लेट सुटली फ्लायव्हीलपासून.
किती? पोस्टकार्ड सरकेल इतकीच.
तेवढी फट पुरते.

उणे पस्तीसचं काही नाही रे,
हिवाळा बिचारा कोरडा.
घात करतो एप्रिल.
बर्फ उतरतो, जमीन घाम सोडते,
गार लोखंडाला दव धरतं,
आणि एकमेकांना टेकून राहिलेलं लोखंड
गंज शिवून टाकतो,
टाका दिसतही नाही.

ती फळी घे. खिळ्यावरची. बर्चची आहे.
खाच पेडलवर, दुसरं टोक सीटखालच्या पट्टीला.
ब्योर्गविनने तीनदा चुकीची कापली,
ही चौथी.
केटिल म्हणतो, सहा महिने दाबून ठेवलं
तर स्प्रिंगा थकतात.
थकू देत.
स्प्रिंग दुकानात मिळते.

वाचतोयस काय? हो, वर्षं आहेत.
दर ऑक्टोबरला एक, पेन्सिलने.
एकोणसत्तरपासून. काही पुसट झालीत.
सत्त्याऐंशीनंतर एकदम एकोणनव्वद.
मधल्या वर्षी तो जाळी टाकायला
सरोवरावर गेला नोव्हेंबरात,
आणि बर्फ पुरता धरला नव्हता.
शेडचं दार कोणी लावलं, आठवत नाही.
फळी खिळ्यावरच राहिली.

मे महिन्यात मी चढले.
गिअर पहिल्यात, त्याने सोडलेला तसाच.
मी पाहिलंच नाही. पेडल तळाला दाबलं,
चावी फिरवली,
आणि माझा पाय तळाला असताना
ट्रॅक्टर निघाला.
ती मागची भिंत बघ.
मधल्या फळ्या नव्या आहेत.
रंग काही जुळला नाही.

थांबेना, तर तशीच नेली बाहेर, ओल्या शेतात.
पेडल दोरीने बांधून टाकलं,
ब्रेक मारायचा, सोडायचा, पुन्हा मारायचा,
कुंपणाकडेने फेऱ्या.
दुसऱ्या फेरीत चिखलात रुतता रुतता वाचले.
तिसऱ्या फेरीला, पॉप्लरच्या झाडांपाशी,
पायाखालून आवाज आला: टण्ण.
चाकं उभी. इंजिन चालू.
मी खाली उतरले नाही.
चर्चमध्ये सगळ्यांसमोर आलं नव्हतं
ते रडू तिथे आलं, सीटवर, उन्हात.
केटिल पलीकडून हात हलवत होता,
त्याला वाटलं मी हसतेय.
हसतही असेन.

घट्ट बसली का? लाथ मारून बघ.
परत मार.

खुब्याचा सांधा नवा घालणार आहेत,
मेपर्यंत चालेन म्हणतात.
नाही आले तर फळी तू काढ,
पण पेडलवर पाय ठेवून काढ,
नाहीतर उसळून हनुवटीवर बसते.
त्याच्या हनुवटीवर व्रण होता,
दाढीखाली,
मीच काय ते पाहिलेला.

पेन्सिल कंदिलामागे आहे.
यंदाचं वर्ष तू लिही,
माझा हात कापतो.
बारीक लिही.
खाली अजून बोटभर जागा आहे.